साडूंचा ताळा

माझ्या थोरल्या साडूंइतका नट-बोल्टांशी अदबीनं वागणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढंही होणार नाही. नोकरी बारामती एमआयडीसीत, घर शेळगावला, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात कुणाची ना कुणाची गाडी उघडलेली. बोल्ट किती जोरानं आवळला हे काट्यावर दाखवणारा त्यांचा टॉर्क पाना जुन्या विलायती मापाचा, फूट-पाउंडांचा. नव्या गाड्यांची पुस्तकं मात्र न्यूटन-मीटरमध्ये बोलायची. एकदा पुस्तकातले नव्वद त्यांनी पान्यावरही नव्वदच धरले आणि स्वतःच्याच गाडीच्या इंजिनाचा बोल्ट तटकन तुटला. तेव्हापासून त्यांनी पणच केला: हिशेब दोघांनी वेगवेगळा करायचा, आणि ताळा जमल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

दुसरा माणूस कोणीही चाले. त्यांची बायको, आमच्या आक्का, भाकरी थापता थापता पिठातच भागाकार करीत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हाती देत साडूंनी विचारलं, "पाव्हणं, नव्वद न्यूटन-मीटरचं फूट-पाउंड किती? एक पॉइंट छत्तीसनं भागा." मी घाम पुसत सहासष्ट म्हणालो. ते आत जाऊन आले आणि म्हणाले, "जमलं." पगार त्यांनी विचारलाच नाही.

पुढं आमच्या सासऱ्यांना, आबांना, हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं ठरलं, आणि नेमके त्याच सकाळी न्यायच्या गाडीचे शेवटचे बोल्ट आवळायचे राहिलेले. आबा पायात चपला घालून ओसरीवर बसलेले. साडूंचे आले सहासष्ट, घाईत माझे चौऱ्याहत्तर. मी भडकलो, "अहो साडूभाऊ, तुमचंच बरोबर असणार, आवळा आता! आबा मोठे की आकडा?"

"गाडीत आबा बसणार हायेत म्हणून तर," ते शांतपणे म्हणाले. "न्हाय जुळलं. परत करा."

मनातल्या मनात शिव्या घालत मी परत केलं. सहासष्ट. मग त्यांनी एकेक बोल्ट काट्यावर नजर ठेवून आवळला. आबा वेळेवर पोचले, बरे झाले, आणि पुढं कितीतरी वर्षं उसाला पाणी देत राहिले.

साडू आता नाहीत. पाना आक्कांनी मला दिला. परवा जुन्या गाडीचं काम काढलं, पुस्तकातले नव्वद मोठ्यानं वाचले, कागदावर भागाकार मांडला आणि सवयीनं बोलून गेलो, "साडूभाऊ, तुमचं किती?" अंगणात कोणीच नव्हतं. फार एकटं वाटलं.

"सहासष्ट," घरातून बायकोचा आवाज आला. "तुमी मला बघाय आलता, तवा बी आतला ताळा मीच केला हुता."

साडूंनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी पाना उचलला, आणि काटा नीट दिसेपर्यंत जरा थांबलो.