रिकामं सोडलेलं कडवं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ज्या एका गाण्यामुळे संभाजीनगरकडची माणसं मला अजून ओळखतात, ते गाणं माझं नाही. माझ्या मित्राचं आहे, उत्तमचं. भीमगीतांच्या गायन पार्टीत आम्ही दोघं होतो. तो गाणी रचायचा, ढोलकी वाजवायचा. मी पेटी धरून गायचो. रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं ही आमच्यातली रीत. त्याला छाप म्हणतात. कॅसेट भरायच्या दिवशी उत्तम तापाने घरी पडून होता. मी त्याचं चौथं कडवं काढून टाकलं, माझ्या नावाचं तिथल्या तिथे जुळवलं आणि गाऊन मोकळा झालो. त्याला कळणार होतंच. पण तो काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं.

उत्तम आता नाही. मध्यंतरी त्याच्या बहिणीचा, सुमनताईचा फोन आला. वस्तीतल्या मुलींनी नवी पार्टी बांधली होती आणि त्यांना हे गाणं पूर्ण बसवायचं होतं. ताई म्हणाली, “त्याचं खरं चौथं कडवं तुझ्याबिगर कुणाला येत नाय. येऊन शिकव पोरींना.” उत्तम कधी लिहून ठेवायचा नाही, तोंडानेच द्यायचा. मी येतो म्हणालो. कडवं मला आठवत नाही, हे नाही बोललो. त्या शहरात पाय ठेवला की आठवेल, असं वाटलं.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. खिडकीशी बसून तीन कडवी हळू आवाजात म्हणून पाहिली. चौथ्याच्या तोंडाशी आलं की दरवेळी माझंच कडवं पुढे यायचं, रांग मोडून घुसणाऱ्या ओळखीच्या माणसासारखं. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

दुपारी उतरलो. कंडक्टरने शहराचं नवं नाव पुकारलं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनंच होतं. मी दोघांनाही मान हलवली. शहागंजात आधी नान-खलिया (मऊ पिवळसर रोटी आणि मटणाचा झणझणीत पातळ रस्सा) खाल्ला. पूर्वी कार्यक्रमाला जाण्याआधी आम्ही दोघं एका ताटात खायचो. या वेळी वेटरने न सांगता दोन पाण्याचे ग्लास ठेवले. एकटाच आहे म्हटलं, तर तो समोरच्या खुर्चीकडे बघून ग्लास उचलून घेऊन गेला.

बाहेर आलो तर त्याच गाण्याची चाल कानावर पडली. बँडवाल्याच्या दुकानात एक म्हातारे मास्तर क्लॅरिनेटवर घोटत होते, साथीला ढोल. तीन कडवी झाली आणि मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवलं. ढोल मात्र चालूच. बरोबर एक कडवं मावेल एवढा वेळ नुसता ढोल. शेजारच्या शिंप्याने मशीनवरचा पाय थांबवला होता. क्लॅरिनेटवर पुन्हा धृपद आलं तसं मशीन सुरू झालं. का थांबलात, असं त्याला विचारलं, तर मी कुठं थांबलो, म्हणाला.

मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, “वो खालीच जाता साब. हमारे उस्ताद के पास से ऐसाच आया.” वरातीतसुद्धा ती जागा अशीच रिकामी ठेवतात, नाचणारे तेवढा वेळ उभे राहतात, नवरदेवाचा घोडाही, असं हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. गाणं कोणाचं, म्हणून विचारलं. “किसी का तो होगा,” म्हणाले आणि पुन्हा वाद्य तोंडाला लावलं.

वस्तीत पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. विहाराच्या ओट्यावर मुली पेटी-ढोलकी मांडून बसल्या होत्या, खाली दोन बाया शेंगा फोडत होत्या. सुमनताईचे केस पार पांढरे झालेत. तिने मला खालून वर पाहिलं. “लई जाड झालास की. बँकेतल्या खुर्चीत बसून दुसरं व्हणार काय.” मग चहा दिला आणि कडवं पाठ आहे ना, विचारलं. मी हो म्हणालो.

मुलींनी सुरू केलं. तीन कडवी खणखणीत झाली आणि आवाज थांबले. ढोलकी चालत राहिली. शेंगा फोडायच्या थांबल्या. कोणी खूण केली नव्हती, तरी सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. आलं ते माझंच कडवं. आवाजही आजचा नव्हता, कॅसेटमधला होता, कोवळा. तो माझ्या घशातून कसा निघाला ते मला सांगता येत नाही. थांबायचं म्हटलं तोवर माझं नाव बाहेर पडून गेलं होतं. ढोलकीवाल्या मुलीने उरलेल्या मात्रा पुऱ्या केल्या, मगच हात उचलला.

“ते नको,” सुमनताई म्हणाली. “ते आमाला कवाच पाठ हाय.”

तेव्हा मी सगळं बोललो. त्या मुलींसमोरच, ताप, कॅसेट, छाप, सगळं. उत्तमने ती कॅसेट ऐकली आणि त्यानंतर त्या जागी तो नुसती ढोलकी वाजवायचा, एवढं ताईने सांगितलं. ऐकणाऱ्यांनी तसंच उचललं, बँडवाल्यांनीही.

“मला सगळं ठाऊक व्हतं रे,” ती म्हणाली. “गुन्हा सांगायला नाय बोलावलं तुला. कडवं दे.”

“येत नाही, ताई.”

“त्यात आमची आई व्हती. एवढं मला आठवतं. तुला तेवढं बी नाय?”

मी नकारार्थी मान हलवली. ताईने पदराने पेटीवरची धूळ पुसली आणि मुलींना पहिल्यापासून घ्यायला सांगितलं. चौथ्याच्या जागी त्या पुन्हा गप्प बसल्या. आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

रात्री तिच्याकडेच राहिलो. सकाळी तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाटेत बाहेरचं खाऊ नको म्हणाली. एसटीत मी शांत झोपलो. कबुली दिली की माणूस हलका होतो म्हणतात. मी हलका झालो आणि त्याचीच लाज वाटते, कारण तिकडे कोणाचं काहीच हलकं झालेलं नाही.

उत्तमच्या चार ओळी मी देणं लागतो. त्यातली एकही मला येत नाही.