आधी जवळची सगळी घरं

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचाच तास घेत होते. फोन ठेवला आणि उरलेला तास पुरा केला. रडायचंही त्राण नव्हतं... आता काही आठवडे झाले, तिचे तास अजून माझ्याकडंच आहेत.

सेलूच्या कॉलेजात आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवायचो. परवा ब्रेड्थ-फर्स्ट सर्च ही शोधायची रीत शिकवायची वेळ आली. जिथून निघालो त्याला जोडलेले सगळे बिंदू आधी पाहायचे, मगच त्यांना जोडलेले. मला ते खरं कळलं तिच्या दारात.

तिच्या वडिलांना, नानांना, विसर पडायला लागला होता. एका दुपारी ते साखर उतरवायची गोळी घेऊन न जेवताच कुठंतरी निघून गेले. तिच्या भावानं मोटारसायकल काढली आणि थेट परभणीचा रस्ता धरला. मीही स्टेशनकडं पळत होते, तर वैशालीनं हात धरला. "एकाच वाटेनं लांब जाऊ नको. नाना ज्यांच्याकडं बसतात ती घरं आधी. तिथं जी नावं कळतील ती रांगेत मागं लावायची."

न्हावी म्हणाले, "इकडं आले न्हाईत. माझ्या मेव्हण्याकडं बसतेत कधी, रेल्वे फाटकापाशी." मी लगेच वळले. ती म्हणाली, "थांब, शेजारचे शिंपी राहिलेत." शिंप्यानं आम्हाला परत न्हाव्याकडंच धाडलं. "ते झाले," ती म्हणाली. रांगेत एकदा आलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही, नाहीतर दोघं एकमेकांकडं पाठवत राहतील आणि आपण फिरत राहू. फाटकाकडं जाऊ देईना म्हणून मला तिचा राग येत होता...

नाना फाटकापाशीच सापडले, मेव्हण्याच्या बाजेवर, घामानं भिजलेले. त्या घरच्या सुनेनं तोंडात गुळाचा खडा घातला होता, म्हणून वाचले. आमच्या ओळखीच्या माणसापलीकडं फक्त एक घर. भाऊ त्याच फाटकातून पुढं निघून गेला होता. वैशाली त्यांच्याजवळ बसली, रागावली नाही. नाना म्हणाले, "इथं चहा लय चांगला मिळतो." तेव्हा ती हसली आणि मग रडली.

पुढं तिचाच आजार निघाला. आधी परभणीचे डॉक्टर, मग त्यांनी सांगितलेले संभाजीनगरचे, मग हैदराबादचे. एकेक नाव संपत गेलं.

परवा वर्गात मी हे सगळं गाळून नुसती रांग शिकवली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सापडलंच न्हाई तर?"

"रांग रिकामी होते. तिथवर वाट नाही असं समजायचं आणि थांबायचं." एवढं बोलून मी खाली बसले.

घरी जाताना तिच्या दारावरून जावं लागतं. नाना ओट्यावर असतात. "वैशू निघाली का गं?" रोज विचारतात. एकदा खरं सांगितलं, तर ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. परत ते बळ माझ्यात नाही.

"निघायलीय, नाना," मी म्हणते. मग ते जरा सरकून तिच्यापुरती जागा करतात...