मोजणारा कोणाचा?

प्रचारसभेत पुढारी बोलायला उभा राहिला की बाई छत्री वर करायच्या. "मोजणारा कोणाचा हो?" एवढंच विचारायच्या. लोक हसायचे. कार्यकर्ते चहा देऊन त्यांना खाली बसवायचे. चहाचे पैसे देऊनच बाई उठायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि माझ्यासारखीच मान फिरवली असेल.

सावरगावच्या शाळेतून त्या निवृत्त झालेल्या. माझं जाम नदीच्या पुलाअलीकडे, पांढुर्ण्यात मंडप-खुर्च्यांचं दुकान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, तीच गोटमार. बाईंचं म्हणणं साधं होतं. प्रचाराचा हिशेब उमेदवारच लिहिणार, आणि तपासणाऱ्याची बदली पुढाऱ्यांच्याच हातात. मग तपासणार काय? त्यासाठी कोणाचीही मिंधी नसलेली स्वतंत्र यंत्रणा हवी, असा अर्जच त्यांनी लिहिला होता. "गोटमारीत तरी मधात जाम नदी आहे भाऊ. इथं मधात कोण आहे?"

एकदा त्या दुकानात आल्या. "अर्जावर मंडपवाल्याची सही पाहिजे. सभेले खुर्च्या किती जातात अन् बिलात किती येतात, तुले माहीत आहे."

माहीत होतंच. खर्च कमी दिसावा म्हणून कमी खुर्च्यांची ती बिलं मीच फाडत होतो. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो.

"बाई, मले धंदा करून खायचं आहे."

"बरं. मग एक खुर्ची दे. भाड्यानं."

"तुमच्याकडून भाडं घेऊ?"

"घेशील. अन् पावतीही देशील. उद्या मलेच विचारतील, खुर्ची कोणाची?"

निवडणुकीच्या दिवसांत माझ्या दुकानातून गेलेली खरी पावती ती एकच.

पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बाई सह्या गोळा करत बसल्या. एक कार्यकर्ता येता-जाता टोमणा मारायचा, "बाई, तुम्हीच उभ्या राहा न इलेक्शनले!"

"राहीन न बाबू. मग माह्या खर्चाचा हिशेबही मीच लिहीन. तुह्या साहेबात अन् माझ्यात फरक काय राहिला?"

या हिवाळ्यात बाई गेल्या. खुर्ची आणि सह्यांचे कागद पुलाजवळच्या पानठेलेवाल्यानं जपून ठेवले होते. खुर्ची न्यायला गेलो आणि तिच्यातच बसलो. कागद मांडीवर घेतला. नाव लिहिलं, दुकानाचं नाव लिहिलं, सही केली.

तेवढ्यात तोच कार्यकर्ता गाडी थांबवून म्हणाला, "भाऊ, इथं काय करून राहिले? परवा सभा आहे, खुर्च्या लागतात. बिल नेहमीसारखं."

"जेवढ्या खुर्च्या, तेवढं बिल."

"मग सौंसरहून आणतो."

"आण."

तो हसला. "अन् ही?"

"ही नाही भेटत," मी म्हणालो. "ही बाईंनी भाड्यानं घेतली आहे."