श्रावणातलं हाडूक

माझ्या सासूबाईंना कुत्रे अजिबात आवडायचे नाहीत.

हे आधीच सांगते, कारण काल आई गेल्यापासून जो येतोय तो "प्राण्यांवर किती जीव होता हो त्यांचा" म्हणतोय.
नव्हता. बिल्डिंगखालच्या कुत्र्यांना त्या चपलेने हाकलायच्या.

सुकटला घरी आणलं ते माझ्या नवऱ्याने. निलेशला ते पिल्लू ऑफिसच्या पार्किंगमध्ये टेम्पोखाली सापडलं. सगळ्या भावंडांत मरतुकडं.
आई दारातच म्हणाल्या, "ह्या काय आणलंस? सुकट?"
झालं. नाव पडलं.

सुकटचा प्रॉब्लेम एकच. तो चावायचाच नाही. गिळायचा.
भावंडांच्या मारामारीत मिळेल ते आधी पोटात ढकलायचं, एवढंच बिचारा शिकला होता. त्यात आई त्याला माशाचं सार आणि भात कुस्करून, पार लापशी करून घालायच्या. नातवाला भरवतात तसं. ताट चाटूनपुसून साफ व्हायचं आणि आम्ही खूश.

मग एका रविवारी त्याने चिकनचा तुकडा अख्खा गिळला. घशात अडकला.
डोळे पांढरे. रिक्षा, डॉक्टर, चिमटा. थोडक्यात वाचला.

डॉक्टरांनी मलाच झापलं.
"लापशी बंद करा. दात आहेत ना त्याला? तोंडात मावणार नाही असं मोठं, कच्चं हाडूक आणा. शिजवलेलं नको, त्याचे तुकडे होऊन टोचतात. एक टोक तुम्ही हातात घट्ट धरून ठेवा. गिळता आलं नाही की आपोआप चावेल. पण रोज करा. पुन्हा अडकलं तर वेळेत पोहोचालच असं नाही."

रोज. इथेच वाट लागली.

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार. बाकीच्या वारी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे सुकटची शिकवणी पण बुध-शुक्र-रवि. रविवारी जरा कुठे दाढ लावायला लागायचा, बुधवारपर्यंत सगळं विसरून पुन्हा गटकन.

आणि मग श्रावण लागला.
शिकवणी बंद. मी आईंना विचारलंसुद्धा नाही. आमच्या घरात श्रावणाबद्दल विचारत नाहीत.

निलेश म्हणाला, "बदलापूरच्या मित्राकडे देऊ या त्याला. तिकडे दिवसभर माणसं असतात. आपण दोघं कामावर, इथे काही झालं तर आई एकटी काय करणार?"
मला रडू आलं, पण त्याचं चुकत नव्हतं.

आणि झालंच.
आई दुपारी करवंटीतून खोबरं सोडवत होत्या. खोबऱ्याचा तुकडा उडून खाली पडला आणि सुकटने तो तसाच गिळला. रविवार असूनही आम्ही दोघं बाहेर, घरी दुसरं कोणी नाही. आयुष्यात कधी कुत्र्याला हात न लावलेल्या बाईने त्याचा जबडा फाकवला, घशात बोटं घातली आणि तुकडा ओढून काढला.

मी संध्याकाळी आले तर आईंच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं.
"आई, काय झालं?"
"काय नाय. दात हत तेका."

इंजेक्शनला मीच ओढत नेलं. 

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. आईंचा कडक उपास. सकाळी पूजा झाली, पिशवी घेतली, खाली उतरल्या आणि थेट मटणाच्या दुकानात.
दुकानदार त्यांना कितीतरी वर्षं ओळखतो. तो उडालाच.
"काकी, आज? सोमवार आहे ना!"
"माका ठाव हा. मानेचा हाडूक दी. कच्चा. मोठा बघून."

हाडूक घरात आणलं नाही हं. दाराबाहेर पॅसेजमध्ये पेपर पसरला, त्यावर पाट, पाटावर आई. अंगात जुना गाऊन, हाताला प्लास्टिकची पिशवी, तोंड भिंतीकडे फिरवलेलं. हाडकाचं एक टोक मुठीत, दुसरं सुकटच्या तोंडात.
तो ओढायचा. आई सोडायच्या नाहीत.
"चाव मेल्या, चाव! कोण तुझ्या तोंडातला काढून नेता?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकू जिना उतरत होत्या. त्या जागीच थांबल्या.
"अगो बाय! श्रावणात हाडूक हातात घेतलंस?"
आईंनी मानही वळवली नाही.
"हाडूक तेचा. श्रावण माझो."

श्रावण संपेपर्यंत हे चाललं. रोज. शिकवणी झाली की पुन्हा आंघोळ, मग देवासमोर दिवा. एका बाईने एकाच महिन्यात उपासही पाळले आणि मटणाच्या दुकानाची खेपही चुकवली नाही. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला मात्र त्या दिवसांत त्या पहिल्यांदा खूप आवडायला लागल्या. भीती वाटायची ती पण कमी झाली.

गणपती येईपर्यंत सुकट दाढेखाली हाडूक घेऊन कराकरा चावायला लागला होता. बदलापूरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी आईंना फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. ताटातला एकेक तुकडा निवांत चावून खात होता. आईंना स्वतःला तेव्हा पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागत होतं. व्हिडिओ पूर्ण बघितला.
मग म्हणाल्या, "आता तेका कायव घाला. जगतलो तो."

त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत.

आज दुपारी सावंतकाकूंनी पिठलं-भात पाठवला. सुकट नीट जेवला. निलेशनेही चार घास खाल्ले. मी पहिला घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ नुसती चावत बसले. घशाखाली उतरेचना.

आई, निरोपाचा नमस्कार करते.
या.