हाक्यात डबे नकोत

बिबटाची पिल्लं म्हटली की लोकांना लाड आठवतात. मला त्यांचा वास आठवतो. धामणगाव बढ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पोटात आमची जंगल खात्याची चौकी होती. दोन खोल्या आणि एक गोठा. त्या गोठ्यात पिल्लं आली तेव्हापासून माझ्या लुगड्यांचा वास कधी गेला नाही. आमचे मालक नाकेदार होते, म्हणजे सरकारी जंगलाचे राखणदार. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, पण नागपूरचं सरकार आम्हाला ठाऊक होतं ते हुकमाच्या कागदावरच्या शिक्क्यापुरतं.

पिल्लांची आई विषाने मेली. कोणीतरी मेलेल्या गाईत विष भरून ती नाल्याकाठी टाकली होती. ज्याची गाय बिबटाने मारली तो असं करायचाच, त्यात कोणाला नवल वाटत नसे. मालकांना पुढे कपारीत दोन पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. ते ती घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. मी म्हणाले, होती तिथे नेऊन ठेवा, घरात माणसांना खायला नाही. ते उठून शेळीकडे गेले. त्यांची ही सवय मला फार छळायची. भांडायला समोर माणूस लागतो, आणि हा माणूस शेळीची धार काढायला बसलेला.

नर जगला नाही. त्याचं पोट फुगलं, दिवसभर तो कण्हत राहिला आणि दिवेलागणीला थंड पडला. मालकांनी त्याला पळसाखाली पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मादीला मीच बोळ्याने दूध पाजू लागले. माया वगैरे काही नव्हती. मालकांचा हात जड होता, दूध तिच्या नाकात जायचं, आणि मला कोणी काम वाईट केलेलं बघवत नाही. आधी आम्ही तिला नुसतं 'ते' म्हणायचो. मग कधीतरी ती 'ती' झाली.

दात आल्यावर मांस लागायला लागलं. धामणगावच्या बाजारात एक टिनवाले चाचा होते. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून ते दिव्याच्या चिमण्या, गाळण्या, थाळ्या बनवायचे. बाजार उठला की खाटकाकडची उरलीसुरली आतडी ते आमच्यासाठी आणून द्यायचे. चौकीत काय वाढतंय हे गावात फक्त त्यांना माहीत होतं. पण ते कुंपणापाशीच गाठोडं ठेवायचे आणि मागे वळून न बघता निघून जायचे. मी त्यांना यावरून चिडवायची. ते म्हणायचे, बाई, मला लेकरंबाळं आहेत.

ती आता रानात लांबवर भटकू लागली. हाक मारून बोलवावं तर गावाला संशय आला असता, आणि गावाला कळतं तर कुऱ्हाडी घेऊन सगळे आले असते. तेव्हा मालकांनी एक युक्ती काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले. रानडुकरं हाकलायला इथे जो तो डबा बडवतोच. नाकेदाराच्या चौकीत डबा वाजला तर कोणाचे कान टवकारणार? चाचांनी बनवलेली टिनाची थाळी आणि एक काठी; ती कशासाठी हे चाचांनाही सांगितलं नव्हतं. थाळी वाजली की ती कुठूनही यायची, माझ्यासमोर मांजरासारखी बसायची आणि मी मांस टाकेपर्यंत हलायची नाही. मीही तिला वाट बघायला लावायची. खोटं कशाला बोलू, मला तिचं ते बसणं आवडायचं.

मग एके दिवशी, जिचं दूध पिऊन ती वाढली, ती शेळी तिने गोठ्यात फाडली. हीच शेळी तिला लहानपणी शिंग मारायची. तिचा डावा कान शेळीनेच चिरलेला होता. मी काठी घेऊन धावले, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा हात खाली आला. मालकांनी तिला डोंगरापलीकडच्या दाट रानात नेऊन सोडलं. नंतर ती काही वेळा कुंपणापाशी येऊन बसली. मी थाळी चुलीमागे कोंबून ठेवली आणि दार लावून घेतलं. शेवटी ती यायची थांबली. तेव्हापासून मला एकच घोर लागला. शिकार तिला कोणी शिकवली होती? आतड्यांवर वाढलेलं जनावर, रानात काय खाणार? ती कुठेतरी उपाशी पडली असेल, असं मला भाकरी खाताना वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात घाटाखालच्या गावांतली वासरं जाऊ लागली. बुलढाण्याहून साहेबाचा तंबू आला आणि हाका करायचा हुकूम सुटला. हाका म्हणजे एका बाजूला मचाणावर साहेब बंदूक घेऊन, आणि दुसऱ्या बाजूने माणसांची रांग आरडाओरडा करत, डबे बडवत नाल्यातून पुढे सरकणार. आवाजाला भिऊन जनावर मचाणाकडे पळतं. माणसं गोळा करायचं काम मालकांचं. त्यांनी हे सांगितलं आणि माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"डबे नका वाजवू देऊ," मी म्हणाले. "ती डब्याकडं येईन."

"कायच्यावरून ते तिचंच रान आहे?"

"नसन तं नसन. पन डबे नका वाजवू देऊ."

मालक चुलीपुढे येऊन बसले. "हाकेवाल्याईले काय सांगू? काऊन म्हनून इचारतीन."

शेवटी त्यांनीच कारण जुळवलं. साहेबाला पत्र्याचा आवाज खपत नाही, जनावर फार लवकर उठतं, म्हणून नुसती तोंडाने आरोळी आणि काठ्या. हाक्याच्या सकाळी माणसं चौकीवर जमली. कुरकुरत त्यांनी डबे माझ्या अंगणात टाकले. तो ढीग बघून माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी बाजाराच्या वाटेवर जो सापडला त्याला शिपायांनी हाक्यात ओढलं होतं, त्यांत आमचे चाचाही होते. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी हसून म्हणाले, चाचा, आज तरी मागे वळून बघा. ते हसले नाहीत. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीकडे माझं लक्ष गेलं नाही.

पुढचं मला चाचांनीच सांगितलं. दुपारी ते चौकीच्या ओट्यावर येऊन बसले. मी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. रांगेच्या टोकाला ते एकटे पडले होते. करवंदीच्या जाळीत काही हललं. बिबटाच्या नाल्यात रिकाम्या हाताने कोण उतरणार? त्यांनी विकायला आणलेली एक थाळी झोळीत ठेवली होती. ती काढून ते बडवू लागले.

"मी जसजसा वाजवू तसतसं ते जौळ ये," चाचा म्हणाले. "मंग माह्यापुढं येऊन बसलं, बाई. मांजरावानी बसलं. मले वाटलं, वाजवनं बंद केलं का झडप घालते. हात थांबेच ना."

आवाजावर बाकीची माणसं धावून आली. त्यांच्याजवळ कुऱ्हाडी होत्या. ती पळाली नाही. मालक पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं, आणि तिकडे मचाणावर साहेब बार टाकायला मिळाला नाही म्हणून चिडलेला. मी चाचांना तिचा कान कसा होता ते विचारलं नाही. त्यांना ती कोण होती हेही सांगितलं नाही. त्यांच्या चिमण्यांवर घर चालत होतं, उद्या परत पत्रा ठोकायचा होता त्यांना. पण मला त्यांचा राग आला, फार आला, आणि ते उठून गेल्यावर तो मालकांवर वळला, त्या युक्तीवर, आणि मग वळायला कोणी उरलंच नाही.

कातडं साहेबाला हवं होतं. वासरं खाणारं जनावर हेच का, ते पोट चिरून बघायचाही हुकूम होता. दोन्ही कामं मालकांवर आली. ऊन कलायच्या आत चौकीमागे त्यांनी ती उरकायला घेतली, मी पाणी ओतत होते. डावा कान चिरलेला होता. अंगावर नवं मांस चढलं होतं, कातडी तुकतुकीत होती. पोट उघडलं आणि मालकांनी सुरी खाली ठेवली. आत मोराची पिसं होती, सशाची लव होती, मांस अजून जिरलंही नव्हतं. वासराचं काही नव्हतं. पोट गच्च भरलेलं होतं.

"भूक नव्हती तिले," मालक म्हणाले.

मग ती थाळीपाशी का आली, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.