बू कासियेमची सुट्टी

बू कासियेमनं दोन्ही हात वेनिंगच्या चटईवर पसरले आणि म्हणाली, "रंगव."

वेनिंग तेव्हा लिलिसच्या अंगठ्यावर जास्वंद काढत होती. हातातली टूथपिक तशीच हवेत राहिली. टोकाला लोंबणारा लाल थेंब सुटला आणि लिलिसच्या पांढऱ्या स्कर्टवर पडला. एरवी लिलिसनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिनं स्कर्टकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बू कासियेमच्या हातांकडं बघत होती, आणि तोंडातलं तळलेलं तेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनची वडी, चावायचं विसरली होती.

"काय रंगवू, बू?" वेनिंगनं विचारलं. वयानं मोठ्या बाईला गल्लीत बू म्हणत, मावशी म्हणावं तसं. तिला वाटलं, दाराची चौकट असेल, नातवाची सायकल असेल.

"नखं. दहाच्या दहा. आणि रंगात काटकसर करू नकोस."

जावा बेटावरच्या पेकालोंगानच्या त्या गल्लीत नखं रंगवणं म्हणजे नुसता नट्टापट्टा नव्हे. नमाजाआधी हातपाय धुताना पाणी नखाला लागावं लागतं, आणि नेलपॉलिश ते लागू देत नाही. म्हणून बायका नखं रंगवायच्या ती पाळीच्या दिवसांत, नमाजाला सुट्टी असते तेव्हा. सुट्टी लागली की पोरी वेनिंगच्या ओट्यावर हजर. संपली की पुसून घ्यायला पुन्हा हजर. त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय हे गल्लीत कुणी विचारत नसे. हात बघितला की कळायचं. लिलिसची सासू तर दर महिन्याला सुनेच्या तोंडाआधी तिची बोटं बघायची. रंग दिसला की "याही महिन्यात फुलंच का गं काढलीस?" म्हणून असा सुस्कारा टाकायची की दोरीवरचे कपडे हलावेत.

आणि बू कासियेमची साठी उलटलेली. धाकटी नात हायस्कुलात. तिची सुट्टी बंद होऊन जमाना लोटला होता.

तेवढ्यात बू सुतिराह आलीच. कोपऱ्यावर भजी-तेम्पे तळायची तिची गाडी, पण अर्धा दिवस ती वेनिंगच्या ओट्याशी. आवाज असा की खोबरं किसल्यासारखा, आणि प्रत्येक वाक्य शेवटी वर चढायचं, शिडीवर चढल्यासारखं.

"कासियेऽम! म्हातारपणी नमाज सोडलास की काऽय?"

"जीभ झडेल तुझी. सोडला नाही. सुट्टी आलीये."

"कुणाऽला?"

"मला! मला आलीये!" बू कासियेम एवढ्या अभिमानानं म्हणाली, जशी काही हजला जाऊन आली होती. "परत आली. जामूवालीचा काढा घेते ना मी, सकाळ-संध्याकाळ. हळद, चिंच, आणखी कसलंसं मूळ घालते ती. वय उलटं फिरलंय माझं. जळा आता."

लिलिसच्या घशात तेम्पे अडकलं. सुतिराहच्या तोंडाचा आ तसाच राहिला. त्यातून एकही शब्द येईना, हे गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

वेनिंगच्या मनात पाल चुकचुकली. परत येते? कुणाची कधी परत आल्याचं ऐकलंय आपण? पण बू कासियेमचा चेहरा बघून तिची जीभ रेटेना. दुधाचे दात पडायच्या वयापासून ही बाई बातिकच्या कारखान्यात गरम मेणाच्या लेखणीनं कापडावर ठिपके घालत आली होती. नखांच्या कडा रंगाच्या हौदात बुडून बुडून कायमच्या तपकिरी झालेल्या. नेलपॉलिश लावायची ती मालकीणबाई. ती कापडावर बोट ठेवून "इथं चुकलंय" म्हणायची, आणि पोरवयातली कासियेम चूक बघायची सोडून ते बोट बघत बसायची.

"कुठली नक्षी काढू?"

"कावुंग."

म्हणजे ताडगोळ्याचे चार काप तोंडाला तोंड लावून ठेवावेत तशी नक्षी, मध्ये ठिपके. वेनिंगनं आधी सायीच्या रंगाचे दोन हात दिले, वाळवले, चार पाकळ्या तपकिरी रंगानं भरल्या, आणि टाचणीचं डोकं बुडवून ठिपके घालायला घेतले. बू कासियेम वाकून बघत होती. तिसऱ्या नखाला तिचा धीर सुटला.

"हे ठिपके आहेत की उंदराच्या लेंड्या?"

"बू, टाचणीनं असेच पडतात."

"टाचणीला बोल लावू नकोस. श्वास घेतेयस तू. ठिपका पडताना श्वास घ्यायचा नसतो. आण इकडं."

आणि तिनं टूथपिक उचलली. टोक दातानं जरा चेचलं, रंगात बुडवलं, बाटलीच्या तोंडाशी निथळलं, आणि उजव्या हातानं डाव्या अंगठ्यावर ठिपके घातले. टप, टप, टप. मोहरीच्या दाण्यांसारखे सारखे, रांगेत. वेनिंग बघतच राहिली. एवढी वर्षं ती मोबाइलवर बघून बघून शिकत होती: चिकटपट्टी लावून रेघा, स्पंज थोपटून संध्याकाळचं आभाळ, पाण्यावर रंगाचे थेंब सोडून संगमरवर. आणि हे तिच्या शेजारच्या घरात बसलं होतं.

"तुझा हा रंग मेणापेक्षा आळशी आहे गं नडुक," बू कासियेम म्हणाली. लाडात आली की ती वेनिंगला नडुक म्हणायची, पोरी म्हणावं तसं. "पण वास मात्र झकास."

मग काय विचारता! बू कासियेम त्या दिवसापासून मासळी घ्यायला गेली तरी दहा बोटांनी मासळी दाखवायची. रिक्षावाल्याला हात करताना दोन्ही हात. मशिदीवरून जाताना हात ओढणीआड घ्यायचे सोडून ती उलट ओढणी सारखी करायची, म्हणजे सगळ्यांना दिसावं. आणि जामूवालीचं डोकं तर आभाळाला टेकलं. ती बाटल्यांची टोपली पाठीवर टाकून यायची, हळूच खाली ठेवायची आणि शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या सुरात म्हणायची, "रांगेत या. धक्काबुक्की नको. वय सगळ्यांचं परत येईल." चाळिशी ओलांडलेल्या बायका "सांधे दुखतात गं" म्हणत रांगेत उभ्या. एकटी सुतिराह रांगेत नव्हती. ती आपली पांढरीफट्ट, बिनरंगी बोटं नाचवत म्हणायची, "आम्हाला नको बाई तसलं. आमचे नमाज चुकत नाऽहीत."

पुढल्या महिन्यात बू कासियेम पुन्हा चटईवर येऊन बसली. बसली म्हणजे आधी खांबाला धरलं, मग उंबऱ्याला, मग टेकली.

"दमलात, बू?"

"ऊन किती आहे बघ ना. हे काढ आणि नवीन काढ. या वेळी मोर."

सुतिराह शेजारी उभीच होती. हल्ली ती बसत नसे. "तुझी चटई गरम होते गं," म्हणायची, आणि दर दिवशी तेच गडद तपकिरी लुगडं गुंडाळून भिंतीला टेकून उभी राहायची.

वेनिंगनं बू कासियेमचा हात हातात घेतला आणि बोळा उचलता उचलता थांबली.

नक्षी तीच होती. अंगठ्यावरचे मोहरीसारखे ठिपके तेच. ते दुसऱ्या कुणाला जमणार नव्हते. पण नखाच्या मुळाशी रंग सुटला होता. चामडीपासून नक्षीपर्यंत तांदळाच्या कणीएवढी कोरी पट्टी. नख वाढलं होतं, आणि रंग त्याच्याबरोबर पुढं सरकला होता. ओट्यावर येणाऱ्या एकाही पोरीच्या नखावर वेनिंगनं अशी पट्टी कधी पाहिली नव्हती. पाहणार कशी? सुट्टी संपते, रंग पुसला जातो, नखाला वाढायला वेळच मिळत नाही. सुट्टी लांबून लांबून किती लांबेल? पंधरवड्याच्या पुढं गेली तर ती सुट्टी धरायचीच नाही, हे मशिदीतल्या वर्गात सगळ्या मुलींकडून पाठ करून घेतलेलं.

"बू," ती हळू आवाजात म्हणाली, "मध्ये पुसला होतात का रंग?"

"हो तर. पुसला, परत लावला."

"कुणी लावला?"

बू कासियेम बाटल्यांत मोराचा निळा शोधायला लागली.

"बू, हे ठिपके त्याच दिवशीचे आहेत. अजून चालूच आहे ना?"

"चालू आहे तर आहे! तुझ्या बापाचं काय जातं? माझी सुट्टी आहे, मला पाहिजे तेवढे दिवस घेईन. आयुष्यभर कधी घेतली नाही." तिनं हात ओढून घ्यायला पाहिलं, पण हातात जोरच नव्हता. "मोर काढ म्हणते ना."

"काढते. आधी हे पुसू द्या."

कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून वेनिंगनं अंगठ्यावर दाबून धरला. कावुंग विरघळला, ठिपके पसरले, तपकिरी पाणी बोटावरून ओघळलं. एकदा पुसलं. पुन्हा पुसलं. मग तिसरा बोळा घेतला, कारण तिला वाटलं, सायीचा रंग अजून गेलाच नाही.

रंग कधीच गेला होता. ते नखच तसं होतं. मेणबत्तीसारखं पांढरं. तिनं दुसरं पुसलं, तिसरं पुसलं. सगळी मेणबत्तीसारखी.

वेनिंगनं स्वतःचं बोट शेजारी ठेवलं. एक गुलाबी, एक पांढरं. शेजारच्या घरातला बुलबुल पिंजऱ्यात तेवढा ओरडत होता.

बू कासियेमनं हात डोळ्यांजवळ नेला. कारखान्यात रंगाच्या हौदातून कापड बाहेर यायचं तेव्हा निळा किती चढला, तपकिरी किती उतरला हे ती लांबून सांगायची. तिनं नख उजेडात धरलं, उलटसुलट केलं, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"नडुक, माझा रंग कुठं गेला?"

"वाहून गेला, बू. इतके दिवस तो वाहतोयच." वेनिंगला रडू फुटत होतं, ते तिनं रागावर नेलं. "ही सुट्टी नाही. आणि ते जामूचं कौतुक पुरे. उठा, आरोग्य केंद्रात चला."

"तिथं बाप्या डॉक्टर असतो."

"नर्सबाई आहेत. मी आत येते तुमच्याबरोबर."

"लोक काय म्हणतील? महिनाभर मी सगळ्या गल्लीत हात नाचवत फिरले."

"म्हणू देत. मी म्हणते ते ऐका. तुम्ही नाही उठलात तर या बाटल्या मी आत्ता गटारात ओतेन, आणि मोर तुम्हाला जन्मात मिळणार नाही."

बू कासियेमनं बाटल्यांकडं पाहिलं, मग उरलेल्या नखांकडं. "ही तरी राहू देत," ती पुटपुटली. खांबाला धरून उभी राहिली, आणि तिथंच तिचे पाय लटपटले. तिला सावरायला सगळ्यात आधी धावली ती सुतिराह. एक टोमणा नाही, एक शिडी नाही. नुसती काखेत हात घालून रिक्षापर्यंत घेऊन गेली.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी एकच प्रश्न विचारला, खालची पापणी ओढून बघितली आणि मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावली. तिथं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा होता. "रंगावरून मशीनला कळत नाही, पुसा," म्हणाले. वेनिंगनं कापूस आणि बाटली पिशवीत टाकून आणलीच होती. पलंगाशी बसून तिनं एकेक नख पुसलं. रक्ताची पिशवी लागली, तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. "पण वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा बायका वर्ष वर्ष लपवतात हो. यांना कसं आणलंत?"

"मी लपवलं कुठं?" बू कासियेम पलंगावरून म्हणाली. आवाज बारीक, पण तोरा तोच. "मी तर रंगवून दाखवत होते. बघणाऱ्यांनाच कळलं नाही."

ऑपरेशनचा दिवस ठरवून वेनिंग गल्लीत परतली तेव्हा दुपार कलली होती. जामूवाली टोपली घेऊन एकटीच उभी होती, रांग नव्हती. वेनिंगनं चटई झटकली, बाटल्या मांडल्या. ओट्यासमोर सावली पडली.

बू सुतिराह. तेच गडद लुगडं. भज्यांची गाडी कोपऱ्यावर तशीच टाकून आली होती. तेल तापत असल्याचा वास येत होता.

"काय बू, काय झालं? बू कासियेम बऱ्या आहेत. वेळेत नेलं म्हणाले."

"ते कळलं." वाक्य वर चढलं नाही. सरळ जमिनीवर पडलं. तिनं गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. "वेनिंग, तुझी चटई... ती खराब झाली तर धुता येते ना गं?"

"येते की. का?"

"मग बसू का जरा?"

वेनिंगला कळेना, ही बाई परवानगी कधीपासून मागायला लागली. मग कळलं. उभं राहणं. गडद लुगडं. रांगेत न लागणं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"रोजे संपले त्याच्याही आधीपासून."

वेनिंगनं तिचा हात ओढून उजेडात धरला. ती बोटं रोज सगळ्यांसमोर नाचायची. कोरी, उघडी, पांढरीफट्ट. मेणबत्तीसारखी. त्यांच्यावर रंग नव्हता, म्हणून आजवर कुणी नीट बघितलीच नव्हती.

"तेल उतरवून येते," सुतिराह म्हणाली.

"मी उतरवते," वेनिंग म्हणाली. "तुम्ही बसा."