यांच्या पाद्रीबुवांचं दर्शन

अमेरिकेतल्या लेकीच्या घरून, वेस्ट विंडसरहून निघताना यांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्या भाचीच्या लग्नात हे चुरगळलेल्या सदऱ्यात वावरले होते. आज मात्र तीन-चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज कवीचं जुनं पुस्तक बघायला जायचं होतं.

"बाबा, रीडिंग रूमचा स्लॉट बुक केलाय," गाडी चालवता चालवता आमची मुग्धा म्हणाली. "आई, तू बोअर होशील हं."

बोअर कसली होते! हा कवी मोठ्या घरातला. सगळं सोडून खेड्यात पाद्री झाला आणि देवाशी रुसत-भांडत कविता लिहून लवकर गेला. कऱ्हाडच्या कॉलेजात हे त्याच्याच कविता शिकवायचे, आणि घरी जेवतानाही तोच. मला त्याचा हेवा वाटतो, स्पष्टच सांगते.

रस्त्याच्या दुतर्फा मेपलची झाडं लालभडक झाली होती. मी दाखवली तर हे नुसतं "हं" म्हणाले. वाटेत बेगल (मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला पाव) खाल्ला. तो चिवट निघाला.

ग्रंथालयात हात धुवायला लावले. मग तिथल्या बाईंनी पुस्तक आणून उशीवर ठेवलं. यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं.

"सर, प्लीज, ते उशीवरच राहू द्या," बाई घाबरून पुढे आल्या.

मुग्धानं त्यांची समजूत काढली. हे ओशाळले, पण डोळे भरून आले होते. मुलीच्या पाठवणीला कोरडा राहिलेला माणूस हा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"याला बायको होती ना?" मी विचारलं.

"होती की."

"मग हा गेल्यावर तिचं काय झालं?"

यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, ते मी कधी बघितलंच नाही."

परतीच्या वाटेवर मी खुशीत गुणगुणत होते. जन्मात पहिल्यांदा यांना निरुत्तर केलं होतं.

कऱ्हाडला परतून महिना झाला. हे आता त्या कवीच्या बायकोच्या मागे लागलेत. मुग्धाला फोन करून तिच्याविषयी शोधायला लावतात. "बिचारीनं कसं सोसलं असेल गं," म्हणत घास हातात धरून बसतात. परवा मी म्हटलं, माझे गुडघे दुखताहेत. तर म्हणाले, "तिचेही दुखत असतील, तिकडे थंडी किती."

पाद्रीबुवा परवडले. ही सवत मात्र मीच घरात आणली.